'स्मृतिचित्रे' संपलं. आता पुढचं पुस्तक कोणतं?

पामबीच (रविवार, रात्री १०.२०)

शुक्रवारी संध्याकाळी जुईनगर सुटलं तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची दोन पानं उरली होती. नेरूळला उतरले आणि जिना न चढता फलाटावरच्या बाकावर बसून ती संपवली. बाहेर पाऊस कोसळत होता. पुस्तक मिटलं तरी उठावंसं वाटेना.

आधी थोडं मागचं सांगते. मुलाच्या अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत माझं वाचन सुटलं. नेरूळ-ठाणे प्रवासाची रोजची पस्तीस मिनिटं मोबाईलमध्ये जायला लागली आणि पुढे त्याचीच सवय झाली. मे महिन्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने हे पुस्तक हातात ठेवलं, "दहा पानं वाच, नाही आवडलं तर परत दे" म्हणाली. दहाव्या पानानंतर मोबाईल बॅगेतून निघालाच नाही. दोन वर्षांनी पुन्हा वाचते आहे, ही भावना काय आहे ते इथल्यांना सांगायला नको.

आणि म्हणूनच भीती वाटते आहे. काल ठाण्याला ग्रंथसंग्रहालयात चाळीस मिनिटं कपाटांसमोर उभी होते. पाच-सहा पुस्तकं काढली, पहिलं पान वाचलं, परत ठेवली. सगळ्यांची भाषा बनवलेली वाटली. रिकाम्या हाताने परत आले आणि येताना गाडीत पुन्हा मोबाईल काढला. मध्ये आठवडा गेला तर पुन्हा सुटेल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तर सांगा, एखादं पुस्तक असं मनात घर करून बसलं की त्याच्यानंतरचं तुम्ही कसं ठरवता? नुसतं नाव नको, का ते लिहा. अडचणी दोनच: सकाळी रबाळेपर्यंत उभी असते, एका हातात कडी, म्हणजे पुस्तक एका हातात मावायला हवं. आणि बॅगेत डबा, छत्री दोन्ही असतात.

उरणफाटा (रविवार, रात्री १०.४१)

मृत्युंजय, ययाति, स्वामी, व्यक्ती आणि वल्ली. यातलं जे वाचलं नसेल ते घ्या. इतका विचार कशाला? चांगलं पुस्तक कधीही चांगलंच.

पामबीच (रविवार, रात्री १०.५०)

चारही वाचलीत, दोन तर शाळेत असताना. पुस्तकं चांगली आहेत याबद्दल वादच नाही. पण आज माझ्या हातात काय टिकेल, याचं उत्तर अशा यादीत मला सापडत नाही.

दहानंबर (सोमवार, सकाळी ७.०५)

मीही ट्रान्स हार्बरवालाच, ऐरोली ते वाशी, त्यामुळे आधी गाडीपुरतं बोलतो.

पस्तीस मिनिटांत गर्दी धरून माझी चौदा-पंधरा पानं होतात. जाऊन-येऊन तीस. म्हणजे दीडशे पानांचं पुस्तक पाच दिवसांत हातावेगळं होतं, आणि वाचन नुकतंच परत आलेल्या माणसाला एक पुस्तक संपवल्याचं समाधान फार लवकर मिळायला हवं. मी स्वतः चार वर्षांपूर्वी असाच परत आलो. तेव्हा उत्साहात 'तुंबाडचे खोत' घेतलं. दोन खंड! गाडीत नेता येईना, घरी वेळ मिळेना, शेवटी पहिल्या खंडाच्या मध्यावर सोडलं आणि त्यासोबत वाचनही सहा महिने सुटलं. दोष पुस्तकाचा नव्हता. पुढे दिवाळीच्या सुट्टीत तेच पुस्तक घरी बसून चार दिवसांत संपवलं.

तेव्हापासून माझी दोन पुस्तकं चालू असतात, एक गाडीचं, एक घरचं. गाडीच्या पुस्तकाची प्रकरणं लहान हवीत आणि मध्येच "दिदी, थोडा सरको" झालं तरी धागा हातात राहायला हवा.

माझं मत: बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेला पोरगेला मास्तर. बनवलेल्या भाषेची तक्रार केलीत म्हणून हेच सुचवतो. या माणसाने एक शब्द जास्तीचा लिहिलेला नाही. दुसरं, विश्राम बेडेकरांचं रणांगण, १९३९. दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू. दोन्ही पुस्तकं छत्रीपेक्षा हलकी.

मासुंदा (सोमवार, सकाळी १०.३०)

दहानंबर, तुमचा हिशेब प्रवासाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण पुस्तक वजनावर ठरवू नये असं मला मनापासून वाटतं. पामबीचताईंनी पानं किती असावीत हे विचारलेलंच नाही. 'स्मृतिचित्रे'नंतर काय, असं विचारलंय, आणि त्याचं उत्तर 'स्मृतिचित्रे'तच असणार.

पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मुलं विचारायची, "सर, आता काय वाचू?" मी उलट विचारायचो, "या पुस्तकात कुठे थांबलास? कोणतं पान दोनदा वाचलंस?" मूल जे सांगे त्यातून पुढचं पुस्तक निघायचं.

उदाहरण याच पुस्तकातलं घ्या. सुरुवात आठवते? सत्तावन्नच्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी होते आणि त्या धक्क्याने वडील सोवळ्याच्या मागे लागतात. सगळं धुऊन घ्यायचं, मिठापासून साखरेपर्यंत. पुढची कितीतरी पानं घरातली बायका-मुलं त्या सोवळ्याखाली दबलेली दिसतात. लहानपणी मी ते हसत वाचलं. पन्नाशीत वाचलं तेव्हा कळलं की हा माणूस भेदरलेला आहे. मग प्रश्न पडला, सत्तावन्न साली साध्या माणसांनी नेमकं काय पाहिलं असेल? सेनापतींचं नव्हे, भिक्षुकांचं, बायकांचं, वाटसरूंचं?

त्या प्रश्नाचं उत्तर विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मध्ये आहे. नेरूळहून काही फार लांबचा माणूस नव्हे तो, पेण तालुक्यातल्या वरसईचा. डोक्यावर कर्ज, म्हणून दानदक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेत निघाला आणि थेट बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा हा भिक्षुक ब्राह्मण झाशीच्या आत होता. जमवलेला पैसा लुटला गेला. शेवटी घरी आणलं काय, तर आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेचं पाणी, कावडीतून. कित्येक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून हे सगळं मोडीत लिहून काढलं आणि ते छापलं गेलं १९०७ साली, गोडसे वारल्यानंतर, कारण हयातीत छापायची धास्ती होती.

यातला कोणताही प्रसंग गोडसे फुगवून सांगत नाहीत. भूक लागली तर भूक लागली म्हणतात. तुम्हाला बनवलेली भाषा नको आहे ना, मग हे उघडून बघाच.

पामबीच (सोमवार, रात्री ९.१५)

मासुंदाकाका, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. मी कुठे थांबले?

टिळक न सांगता निघून जातात, ख्रिस्ती होतात, आणि लक्ष्मीबाई मागे राहतात ती पानं मी दोनदा वाचली. पण तेवढ्यावर मी अडले नव्हते. अडले ते त्यांच्या सांगण्यावर. नवऱ्यावर रागावतात, त्याच्यावाचून तडफडतात, आणि त्याच पानावर एखादी अशी गोष्ट सांगतात की गाडीत मला तोंडावर पदर धरावा लागला. कुठेही "माझ्याकडे बघा, मी किती सोसलं" असं नाही. जेमतेम अक्षरओळख असलेली बाई आपल्या शेजारी बसून बोलते आहे असं वाटतं. मला तो आवाज परत ऐकायचा आहे. निदान त्या आवाजाच्या ओळखीचं कुणीतरी.

कापडीबांधणी (सोमवार, रात्री १०.०५)

आता नेमकं कळलं. मी ग्रंथालयात एकतीस वर्षं देवघेवीच्या खिडकीवर बसले, त्यामुळे या प्रश्नाशी माझं जुनं नातं आहे.

आधी एक विचारते. तुमची प्रत संपूर्ण 'स्मृतिचित्रे'ची होती की संक्षिप्त? मुखपृष्ठाच्या आतलं पान बघा.

पामबीच (सोमवार, रात्री १०.१२)

बघितलं. संक्षिप्त!! मला कल्पनाच नव्हती.

कापडीबांधणी (सोमवार, रात्री १०.४५)

म्हणजे तुमचं पुस्तक अजून संपलेलं नाही. मूळ 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत आलं. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. ते सगळं एकत्र असलेली संपूर्ण आवृत्ती मिळते, पण ती जाडजूड आहे, एका हातात धरवणार नाही. ती घरी वाचा, सावकाश. लगेच घेऊ नका असंही सुचवेन. मधे एक-दोन पुस्तकं जाऊ द्या, मग गेलात की राहिलेले प्रसंग नवे होऊन भेटतील.

आता कपाटासमोरच्या चाळीस मिनिटांबद्दल. ग्रंथालयशास्त्रात रंगनाथनांची पाच सूत्रं आहेत, १९३१ची. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही दोन बहुतेकांना माहीत असतात. चौथं मला सगळ्यात आवडतं: वाचकाचा वेळ वाचवा. तुमचा वेळ वाचवणं हे आमचं काम आहे, आणि ते करता येतं ते तुम्ही खिडकीवर येऊन बोललात तरच. लोक संकोचतात. "काहीतरी चांगलं द्या" म्हणतात आणि गप्प होतात. तुम्ही वर मासुंदांना जे लिहिलंत ना, तेच शब्द खिडकीवर बोला. समोरची व्यक्ती उठून तुम्हाला योग्य कपाटाशी नेईल.

दुसरं, कपाटाआधी नुकतीच परत आलेली पुस्तकं बघायची. अजून जागेवर न गेलेली. कपाटात हजार पुस्तकं एकदम अंगावर येतात, त्या ढिगात पंधरा-वीस असतात आणि प्रत्येक पुस्तक कुणीतरी नुकतंच निवडलेलं असतं. माझी स्वतःची निम्मी आवडती पुस्तकं त्या ढिगातली.

तिसरं, शेवटच्या पानावरचा तारखांच्या शिक्क्यांचा कागद. त्यावर शिक्के दाटीवाटीने असले म्हणजे पुस्तक थोर, असं मुळीच नाही. मी मात्र ज्यावर वर्षातून एखादाच शिक्का आहे, पण दर वर्षी आहे, अशी पुस्तकं हेरून ठेवायचे. अशा पुस्तकाला कोणी जाहिरात करून वाचक मिळवून दिलेला नसतो, कानोकानी चाललेलं असतं ते.

आणि आवाजाचं म्हणाल तर बाया कर्वे. आनंदीबाई कर्वे, 'माझे पुराण', १९४४. बालविधवा गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी, आणि मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह. त्याच वर्षी, १ जूनला, आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. ते सुरू करणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा विशीतले होते. एकीकडे ठाण्यात तरुण मुलं मराठी पुस्तकं गोळा करत होती आणि तिकडे मुरूडला कर्व्यांवर गाव बहिष्कार टाकत होतं, हे दोन्ही एकाच वर्षातलं आहे असं लक्षात आल्यावर मी त्या कपाटाकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) लोक याच रांगेत सुचवतील. सुंदर आहे, घरातल्या बायकांचा जाच सोसून ती मुलगी शिकते ते वाचताना गळा दाटतो. पण त्या पुस्तकात रमाबाई सतत न्यायमूर्तींच्या छायेत उभ्या आहेत. बाया कुणाच्याच छायेत उभ्या राहत नाहीत. कर्व्यांचे पगार संस्थांना जायचे, संसार कसा ओढला ते बाया रोखठोक सांगतात. लक्ष्मीबाईंच्या शेजारी बसून गप्पा मारू शकेल अशी हीच.

येऊर (मंगळवार, रात्री १२.३०)

धागा वाचून 'स्मृतिचित्रे'ची पहिली वीस पानं वाचली. मी तेवीस वर्षांचा आहे, इंग्रजी शाळेत शिकलो, मराठी पुस्तक याआधी वर्षाला एखादं. भाषा कठीण जाईल असं वाटलं होतं. गेली नाही.

फोनवरच वाचतो मी. काही जणांना हे माहीत नसेल: लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे साने गुरुजींसारख्यांचं लेखन मोकळं आहे. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात.

पुस्तक ठरवायची माझी एक पद्धत आहे, पामबीचताई करून बघा. एका संध्याकाळी तीन पुस्तकांची पहिली दहा-दहा पानं वाचायची, कुठलंही पुढे न्यायचं नाही. झोपायचं. सकाळी दात घासताना तिघांपैकी ज्यातलं माणूस डोळ्यांसमोर येईल ते पुस्तक घ्यायचं. रात्री जे आवडलेलं असतं ते सकाळी बऱ्याचदा आठवतही नाही.

मासुंदा (मंगळवार, सकाळी ९.५०)

येऊर, तुझी सकाळची कसोटी मला फार आवडली. फक्त दहा पानांबद्दल माझा आक्षेप आहे. काही पुस्तकं दारात आडवी होतात. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) घे. संवाद वऱ्हाडी, ठाण्याच्या कानाला पहिली पंधरा-वीस पानं अडखळायला होतं. दहाव्या पानावर सोडलंस तर कौतिक तुला कधी भेटणारच नाही, आणि मराठी कादंबरीतली तिच्याइतकी खंबीर बाई मला दुसरी माहीत नाही. अशा पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत.

उरणफाटा (मंगळवार, दुपारी १.१५)

पन्नास पानं कष्टाने वाचायची असतील तर त्याला अभ्यास म्हणतात. दिवसभर काम करून आलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. नाही जमलं तर सोडावं, जगात पुस्तकं पुष्कळ आहेत.

मासुंदा (मंगळवार, दुपारी ४.२०)

सोडावं, जरूर सोडावं, पण कुठल्या वर्षी सोडलं ते लक्षात ठेवावं. मी 'कोसला' पंचविशीत दोनदा सोडली. चाळिशीत एका बैठकीत वाचली. तेच पुस्तक, तीच प्रत.

चिंचेखाली (मंगळवार, रात्री ८.४०)

दोन दिवस वाचते आहे, लिहू की नको असं चाललं होतं.

सगळ्यांच्या सूचना मनापासूनच्या आहेत. पण एकदा नावं ओळीने लावून बघा. गोडसे, रानडे, कर्वे. पामबीचताई, तुम्ही आवाज मागितलात आणि या तिन्ही आवाजांचं स्वयंपाकघर जवळजवळ एकच आहे. सोवळं तेच, फक्त कुणी पाळलं, कुणी सोसलं, कुणी मोडलं. त्या सोवळ्याच्या बाहेर ज्यांना ठेवलं होतं त्या बायाही बोलल्या आहेत.

बेबी कांबळे, 'जिणं आमुचं', १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. फलटणच्या. छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचत वाचत वाचनाची ओढ लागली. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या, आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. एकदोन महिने नाही, वीस वर्षं. लक्ष्मीबाईंना निदान शिकवायला नवरा होता.

माझ्या आईला हे पुस्तक तिच्या प्रौढ साक्षरता वर्गाच्या बाईंनी दिलं होतं. आई बेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकली. बोट ठेवून, एकेक ओळ, मोठ्याने. कळव्याच्या आमच्या खोलीत रोज रात्री भांडी घासून झाली की अर्धं पान. आम्ही भावंडं ऐकत झोपायचो. एका पानावर ती थांबली आणि म्हणाली, "ही माझ्या आजीचं नाव न घेता माझ्या आजीबद्दल लिहिते आहे." त्या पुस्तकात 'मी' फार कमी आहे. 'आम्ही' आहे.

दहानंबर (मंगळवार, रात्री ९.३०)

चिंचेखाली, तुमच्या आईंबद्दल वाचून खरंच थांबलो. पुस्तकाबद्दल आदर ठेवून एक शंका विचारतो. पामबीचताई एका जड आत्मचरित्रातून नुकत्या बाहेर आल्यात. लगेच दुसरं दुःखाचं पुस्तक घेतलं तर झेपेल? मला स्वतःला मोठ्या पुस्तकानंतर उतारा लागतो. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' घेतो, चालू महिन्याचा लेख वाचतो, बस्स. सध्या आषाढ आहे, आषाढ वाचायचा.

चिंचेखाली (मंगळवार, रात्री १०.१०)

हे दुःखाचं पुस्तक आहे असं वाचण्याआधीच का धरून चालायचं? दया पवारांचं 'बलुतं' असो की हे, दलित आत्मकथन म्हटलं की लोक आधी मन घट्ट करून बसतात आणि मग त्यातलं बाकी काही दिसतच नाही.

तुम्ही आषाढ म्हणालात म्हणून सांगते. 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातला आषाढ आहे. वर्षभर उपाशी असलेली वस्ती त्या महिन्यात घरं सारवते, बायका नहातात, देव अंगात येतात, गोडधोड होतं. ते वाचताना वस्तीतला ओल्या शेणाचा वास येतो. उत्साह आहे, हसणं आहे. पुढे जेजुरीला झालेलं बाबासाहेबांचं भाषण आहे, आणि ते ऐकून बाया पोरांना शाळेत घालायचा निश्चय करतात. आणि लेखिका आपल्या माणसांनाही सोडत नाही. सासवांनी कोवळ्या सुनांचे काय हाल केले ते तितक्याच स्वच्छ सांगते. पामबीचताईंनी म्हटलं ना, "माझ्याकडे बघा" असं नाही? तेच इथे आहे.

कापडीबांधणी (मंगळवार, रात्री १०.३५)

चिंचेखाली, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. मी एकतीस वर्षं वाचकांना एका कपाटातून त्याच कपाटात पाठवत आले, आणि कालही तेच केलं. ग्रंथालयात विषयवार मांडणी असते तिचा हा परिणाम. वाचक 'स्त्रियांची आत्मचरित्रे' मागतो, आपण त्या फळीपाशी नेतो, आणि 'दलित साहित्य' वेगळ्या फळीवर ठेवलेलं राहतं. बेबीताई दोन्ही फळ्यांवर हव्यात.

पामबीच (शनिवार, रात्री ९.००)

आज ग्रंथसंग्रहालयात गेले. येऊरची पद्धत आणि कापडीबांधणीताईंचा सल्ला, दोन्ही केलं. खिडकीवर जाऊन सोमवारी इथे लिहिलेलंच बोलले. तिथल्या ताई उठल्या, बरोबर आल्या. 'माझे पुराण' मिळालं, 'माझा प्रवास' मिळालं. 'जिणं आमुचं' बाहेर गेलेलं होतं. वाचनकक्षात बसून दोन्हींची दहा-दहा पानं वाचली. उद्या सकाळपर्यंत थांबायला हवं होतं, पण देवघेव बंद व्हायची वेळ झाली, म्हणून 'पुराण' घेऊन आले. बाया ठाणे ते कोपरखैरणे माझ्याशी बोलत होत्या. मोबाईल बॅगेत.

चिंचेखाली (शनिवार, रात्री ९.२५)

माझ्याकडची प्रत देते. सोमवारी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ठाण्याला दहा नंबरवर असते, बायकांच्या डब्यासमोर. प्रत जुनी आहे, शिवण सैल झाली आहे.

पामबीच (दोन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ११.१०)

'माझे पुराण' पाच दिवसांत झालं. कापडीबांधणीताई, तुमचं खरं निघालं, लक्ष्मीबाईंनी बायांना नक्की जेवायला थांबवून घेतलं असतं. पण प्रामाणिकपणे सांगते, मधे दोनदा वाटलं की हे घर मी ओळखते, पुढच्या खोलीत काय असेल ते माहीत आहे.

'जिणं आमुचं'मधलं घर मला माहीत नव्हतं.

बुधवारी पावसाने तुर्भ्याच्या पुढे गाडी पन्नास मिनिटं उभी होती. दिवे चालू, पंखे बंद, सगळ्यांच्या छत्र्यांचं पाणी पायाखाली. मी आषाढाच्या पानांवर होते. शेजारच्या बाईंनी विचारलं काय वाचताय, तर मी त्यांना अर्धं पान वाचून दाखवलं. मग समोरच्या दोघी ऐकायला लागल्या. त्यातली एक फलटणजवळची निघाली. गाडी सुरू झाली तेव्हा जुईनगरपर्यंत आमचं तेच बोलणं चालू होतं.

दहानंबर, झेपलं. जड पानं आहेत, दोन रात्री झोप लागली नाही. पण खाली ठेवावंसं एकदाही वाटलं नाही, आणि मुख्य म्हणजे पुढे काय वाचू हा प्रश्न यावेळी पडलाच नाही. मासुंदाकाकांचा प्रश्न स्वतःला विचारला, कुठे थांबले, तर जेजुरीच्या भाषणापाशी. ते ऐकून ज्या मुली शाळेत गेल्या त्यांचं पुढे काय झालं ते मला हवंय. त्यासाठी ऊर्मिला पवारांचं 'आयदान' सांगून ठेवलं आहे, परत आलं की माझ्यासाठी बाजूला ठेवणार आहेत. संपूर्ण 'स्मृतिचित्रे' दिवाळीत, घरी. आणि काका, विष्णुभटांना मी विसरलेले नाही. पाऊस थांबला की मुलाला घेऊन आधी वरसईला जाऊन येणार आहे.

चिंचेखाली, सोमवारी पुस्तक परत आणते. एक पान मधे दुमडलेलं आहे, माझ्या हातून झालं की आधीचंच होतं ते आठवत नाही. सरळ करून वजनाखाली ठेवू का?

चिंचेखाली (शुक्रवार, रात्री ११.३०)

नको, तसंच राहू दे. ते आईने दुमडलंय.